जंगलाचा खोडवा

मी एका झाडाच्या आत उभी होते. ढोलीत नव्हे, आत. भोवती ॲशची अकरा खोडं गोल करून उभी होती, भोंडल्याला बायका फेर धरतात तशी. मधली जागा मोकळी, पाचोळ्यानं मऊ झालेली, चार माणसं पंगतीला बसतील एवढी. मी भाचीला विचारलं, "किती झाडं आहेत गं ही?"

ती म्हणाली, "मावशी, एकच."

एकच! अकराही खोडांचा बुंधा एक, मुळं एक. कधीतरी इथं साधं एक झाड होतं. ते कुणीतरी जमिनीलगत तोडलं, बुंध्याच्या कडेनं धुमारे फुटले, त्यांची खोडं झाली, वीसेक वर्षांनी तीही तोडली, पुन्हा कडेनं फुटली. असं होत होत बुंधा दर खेपेला थोडा बाहेर सरकला, मधला म्हातारा भाग कुजून माती झाला आणि उरला हा फेर. या रानातला सगळ्यात जुना बुंधा तर हजार वर्षांपलीकडचा मानतात. म्हणजे ज्ञानदेवांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली तेव्हाच ते झाड अडीच-तीनशे वर्षांचं होतं आणि कितीतरी वेळा तोडून झालं होतं!

मी कराडकडची, उसाच्या गावात वाढलेली. माझ्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला, तोही मोठ्यानं, "खोडवा!"

ज्यांनी ऊस फक्त रसवंतीत पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. ऊस तोडून कारखान्याला गेला की शेतात बुडखे राहतात. ते जमिनीला घासून छाटायचे, पाणी सोडायचं, आणि त्याच मुळांवर दुसरं पीक उभं करायचं. तो खोडवा. आमच्याकडे दोन-तीन खोडवे झाले की रान नांगरून टाकतात. इथं खोडवा चालू आहे १२५२ पासून. निदान १२५२ पासूनची नोंद आहे. पावणेआठशे वर्षं एकच रान आळीपाळीनं तोडलं जातंय आणि प्रत्येक वेळी तितक्याच जोमानं उठतंय. त्या क्षणी माझ्या अंगावर जो काटा आला तो अजून गेलेला नाही, म्हणून तर हे लिहायला बसले.

हे रान म्हणजे ब्रॅडफील्ड वूड्स. इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगणा, त्यात बरी सेंट एडमंड्स नावाचं गाव, त्याच्या आग्नेयेला हे. भाची इप्सविचला नोकरीला असते. लंडन चार दिवस पाहून झालं होतं, छान आहे, त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "मावशी, आता तुला खरी गंमत दाखवते," आणि गाडी काढली.

बरीजवळ हमरस्त्याला लागूनच भलीमोठी पांढरी गोल कोठारं दिसली. "हा साखर कारखाना," भाची म्हणाली. उसाचा नव्हे, बीटाचा, पण कारखाना तो कारखाना; मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं. मग गावात मधोमध बागेत मठाचे पडके अवशेष पाहिले. एडमंड हा इथला राजा ८६९ मध्ये डेन लोकांकडून मारला गेला, पुढे संत मानला गेला, आणि त्याच्या नावानं बेनेडिक्टाइन साधूंचा एवढा मोठा मठ उभा राहिला की सगळ्या पंचक्रोशीचं जळण, कुंपण, घरांची लाकडं त्याच्या रानांतून येत. १५३९ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या काळात मठ मोडला. दगड लोकांनी घरांना नेले. आता भिंतींचे गाभे उरलेत, गारगोट्या आणि चुन्याचे, दातांसारखे उभे. आणि साधूंनी राखलेलं रान मात्र अजून जिवंत आहे. दगडाचं गेलं आणि लाकडाचं राहिलं! मला तर या एकाच गोष्टीवर तासभर बोलता येईल.

रानात शिरताना पहिल्यांदा लागला तो बांध. बाहेरून चर, आतून मातीचा उंच बांध, आणि तो सरळ नाही, ओढ्यासारखा वळणं घेत जातो. गुरं आत शिरून कोवळे धुमारे खाऊ नयेत म्हणून मध्ययुगात घातलेला. पावसानं झिजून आता गुडघ्या-मांडीएवढा राहिलाय, अंगावर शेवाळ, पण कळतो. भाचीनं सांगितलं की इथल्या जुन्या रानांची ही ओळखच. बांध वाकडातिकडा असेल तर रान जुनं, पट्टीनं आखल्यासारखा असेल तर अलीकडचं. इंग्लंडात सन १६०० पासून जे रान सलग रान म्हणून आहे त्यालाच प्राचीन म्हणतात, आणि अशी प्राचीन जंगलं सगळ्या ब्रिटनच्या जमिनीत जेमतेम अडीच टक्के. अडीच! त्यातल्या एकाच्या बांधावर मी चप्पल काढून उभी राहिले. ओलसर, गार, काळी माती. काढल्याशिवाय राहवेनाच.

आणि आत पाऊल टाकलं तर फुलं.

कशी सांगू? आपल्याकडे कासच्या पठारावर फुलं उघड्यावर असतात, आभाळाखाली. इथं ती झाडांखाली असतात, आणि झाडांना पानं फुटायच्या आत सगळा उरक पाडायचा असतो त्यांना. एकदा वर पानांचं छत झालं की खाली अंधार, मग काही खरं नाही. म्हणून एप्रिलमध्ये नुसती लगबग. पांढऱ्या ॲनिमनी, उन्हाकडे तोंड करून पूर्ण उघडलेल्या. मग निळ्या ब्लूबेल. एकेक फूल पाहिलं तर काही विशेष नाही, वाकलेल्या दांडीवर ओळीनं लटकलेल्या छोट्या निळ्या घंटा. पण हजारोंनी एकत्र आल्या की त्यांचा रंग फुलांवर राहत नाही, जमिनीपासून वीतभर वर हवेत तरंगतो, धुरासारखा. जगातल्या सगळ्या ब्लूबेलपैकी जवळजवळ निम्म्या या एका देशात आहेत. बी पडल्यापासून फूल यायला पाच-सहा वर्षं लागतात आणि पानांवर पाय पडला की झाड खचतं, म्हणून कुणी पायवाट सोडत नाही. लहान मुलंसुद्धा नाहीत. एक चारेक वर्षांची पोरगी वाटेच्या अगदी काठावर उकिडवी बसून, दोन्ही हात पाठीमागे बांधून फुलं पाहत होती. हात पाठीमागे! मीही तशीच बसले.

पण या रानाची खरी मानकरी ब्लूबेल नव्हे. ती ऑक्सलिप.

हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. सफोक, एसेक्स आणि केंब्रिजशायर, एवढ्याच भागातल्या चिकण मातीच्या जुन्या रानांत ही भरभरून येते, बाकी ब्रिटनमध्ये जवळपास नाहीच. मी गुडघे टेकून पाहिली. एकच दांडी, तिच्यावर बारीक मऊ लव, आणि टोकाला दहा-बारा फुलं, सगळीच्या सगळी एकाच बाजूला मान टाकून. रंग लोण्याचा, मध्यभागी किंचित गडद. वास घ्यायला नाक अगदी लावावं लागतं, आणि मग येतो, पिकलेल्या जर्दाळूचा! फुलाला फळाचा वास. मी तीनदा घेतला, भाचीला घ्यायला लावला, वाटेनं जाणाऱ्या एका आजींनाही खुणेनं बोलावलं. त्या हसल्या, काठी बाजूला ठेवून सावकाश वाकल्या आणि त्यांनीही घेतला. मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं येते मी इथं. वास घ्यायचं कधी सुचलंच नाही."

पक्षी तर विचारूच नका. चिफचॅफ नावाचा वीतभरही नसलेला पक्षी दिवसभर स्वतःचंच नाव घेत असतो, चिफ-चॅफ, चिफ-चॅफ, आपला पावशा 'पेरते व्हा' म्हणतो तसा एकसारखा. लांब कुठंतरी सुतारपक्षी वठलेल्या फांदीवर ढोल बडवत होता.

मग झाडी एकदम संपली आणि समोर लख्ख उजेड.

तो कूप होता. आपल्या जंगलखात्यात तोडीसाठी आखलेल्या तुकड्याला कूप म्हणतात, तोच. ब्रॅडफील्डचं सगळं रान अशा कुपांत वाटलेलं आहे. दर हिवाळ्यात त्यातले एक-दोन तोडायचे, पुढच्या वर्षी दुसरे, असं करत वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा पहिल्यावर यायचं. त्यामुळे चालताना दर पाच मिनिटांनी जंगलाचं वय बदलतं! इथं नुकतं तोडलेलं, पलीकडे खांद्याइतक्या धुमाऱ्यांची दाटी, त्यापुढे डोक्यावरून गेलेलं, मग पुन्हा गर्द. नुकत्या तोडलेल्या कुपात हेझलचे बुंधे शेवाळात अर्धे बुडालेले, पाटाएवढे, आणि प्रत्येकावर लालसर-हिरवे कोंब नुकते कुठे वर येऊ लागलेले.

आमची पिढी 'झाडे लावा, झाडे जगवा' शाळेच्या भिंतीवर वाचत वाढली. तोडलेलं झाड दिसलं की जीव कळवळतो. आणि इथं कळलं की न तोडलेला ॲश दोनेकशे वर्षांत म्हातारा होऊन पडतो, आणि तोडत राहिलेला जवळजवळ मरतच नाही. तोडलं की ऊन जमिनीवर येतं, मातीत वर्षानुवर्षं निजलेलं बी जागं होतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात त्या कुपात फुलांना नुसता ऊत येतो. ब्लूबेल, ऑक्सलिप, सगळ्यांची चैन याच कुपांत. फुलांमागून फुलपाखरं. या एवढ्याशा रानात साडेतीनशेहून जास्त जातींच्या वनस्पती आहेत! सगळ्याच जंगलांना कोयता लावा असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्या देवराया न तोडण्याच्या शपथेवर टिकल्या, तेच त्यांचं बळ. पण हे रान कोयत्यावर जगलंय, आणि ते जगणं मी डोळ्यांनी पाहिलं.

कोयता मी हातातसुद्धा घेतला. कुपाच्या कडेला साठी उलटलेले एक गृहस्थ हेझलच्या काठ्यांच्या मोळ्या बांधत होते. आठवड्यातून दोन दिवस इथं फुकट काम करायला येतात. त्यांच्या कमरेच्या हत्याराकडे पाहून मी म्हटलं, "हा तर आमचा कोयता!" पातं तसंच पुढं वाकलेलं, मूठ तेवढी वेगळी. मी भाचीमार्फत त्यांना सांगू लागले की आमच्याकडे ऊसतोडीला हाच लागतो, आणि ऊस जितका खालून तोडाल तितका फुटवा चांगला. ते काठ्या बाजूला ठेवून उठलेच. "अगदी हेच!" म्हणाले. मला एका बुंध्याजवळ घेऊन गेले, खाली बसले आणि काप दाखवला. जमिनीलगत, आणि तिरका, बाहेरच्या बाजूला उतरता. पावसाचं पाणी वर थांबता कामा नये, नाहीतर बुंधा कुजतो. कापाची कड नखानं चाचपून दाखवली, कुठेही साल फाटलेली नाही. मला आमच्या शेतावर बुडखे छाटणारे दगडूतात्या आठवले, तेही कड अशीच बोटानं चाचपायचे. दोन माणसं, दोन टोकांचे देश, आणि बोटाची तीच हालचाल.

त्यांनीच सांगितलं की सगळं तोडत नाहीत. हेझल, ॲश, मेपल यांची अशी छाट, पण मधेमधे ओक सरळ वाढू देतात, शंभर-शंभर वर्षं. ओक तुळयांना, बाकीचं फाट्यांना. आपण इमारती लाकूड आणि सरपण वेगळं म्हणतो, तसे त्यांचेही दोन वेगळे शब्द आहेत. आणि इथल्या ॲशचे दांडे करून गवत ओढायची दाताळी बनवणारा एक कारखाना जवळच्या गावात विसाव्या शतकातही चालू होता. आजूबाजूला जळण म्हणून कोळसा आला, कुंपणांना तार आली, तेव्हा बाकीच्या रानांना गिऱ्हाईक उरलं नाही, ती विसरली गेली. या रानाला दाताळ्यांनी जगवलं!

खोडांवर टांगलेली लाकडी घरटी दिसली, क्रमांक घातलेली, पण तोंडं उलटी, खोडाकडे केलेली. मला वाटलं चुकून लावली असतील. नाही, ती डॉरमाउसची. हा सोनेरी, केसाळ शेपटीचा, अंगठ्याएवढा उंदीर खोडावरून चढून मागच्या भोकातून आत शिरतो. वर्षाचा निम्मा भाग जमिनीलगत गोल होऊन झोपतो, जागा असेल तेव्हा हेझलच्या फांद्यांतच फिरतो, आणि घरटं करायला हनीसकलच्या सालीचे धागे वापरतो. तो दिसला नाही. त्याचं दार दिसलं, मला तेवढं खूप झालं.

हे सगळं जगाला समजावून सांगणारा माणूस म्हणजे ऑलिव्हर रॅकम. केंब्रिजचा वनस्पतिशास्त्रज्ञ, १९३९ ते २०१५. कायम लाल मोजे घालायचा. जुन्या मठांचे लॅटिनमधले हिशेब तो वाचायचा आणि मग तोच कागद डोक्यात घेऊन रानात जाऊन बांध शोधायचा. झाडं आणि कागदपत्रं एकमेकांना साक्षीदार म्हणून उभी करायची ही रीत त्यानं घालून दिली. १९८० चा त्याचा 'एन्शंट वुडलंड' हा ग्रंथ भाचीच्या कपाटात आहे, आणि रात्री दोन वाजेपर्यंत मी त्यातले नकाशे पाहत बसले होते.

आणि हे रानही जाता जाता राहिलं. शेजारचा मंक्स पार्क म्हणजे साधूंचंच रान. त्याचा मोठा भाग साठच्या दशकात उखडून शेतात घातला. मुळासकट. सातशे वर्षांच्या कोयत्यानं जे झालं नाही ते यंत्रानं थोडक्या दिवसांत केलं. उरलेलं वाचवायला गावकरी आणि निसर्गप्रेमी उभे राहिले, १९७० मध्ये ते राखीव म्हणून विकत घेतलं गेलं, आणि आज सफोक वाइल्डलाइफ ट्रस्ट ते सांभाळतं. उखडलेला भाग मी पाहिला. गव्हाचं हिरवंगार शेत आहे, दिसायला काही वाईट नाही. पण मला तिथं उभं राहवेना.

संकट अजूनही आहे. ॲशला एका बुरशीचा रोग लागलाय. इंग्लंडातल्या रानात तो पहिल्यांदा दिसला २०१२ मध्ये, इथून जवळच, नॉरफोकमधल्या एका जंगलात. शेंडे वाळत येतात. ॲशला पानं सगळ्यांत उशिरा येतात, एप्रिलअखेर तो उघडाच असतो, काजळ लावल्यासारख्या काळ्याभोर कळ्या घेऊन. त्यामुळे कोण जिवंत आणि कोण वाळलेलं हे मला ओळखता येईना. मी प्रत्येक कळीकडे पाहत होते. शिवाय हरणं धुमारे आणि ऑक्सलिप दोन्ही फस्त करतात, म्हणून कुपांना उंच जाळी. साधूंच्या बांधाचं काम आता जाळी करते.

दुपारी रानातून बाहेर पडून शेतांतून चाललो. याचीही मला केवढी अपूर्वाई! पिवळ्या बाणाची खूण दिसली की कुणाच्याही खाजगी शेतातून बिनधास्त जायचं. वहिवाट आहे ती, कायद्यानं नोंदलेली, आणि इंग्लंड-वेल्समध्ये अशा वहिवाटा सव्वादोन लाख किलोमीटर! शेतकऱ्यानं पेरणी केली तरी वाट मोकळी ठेवायची. आमची वाट रेपसीडच्या शेतातून जात होती, आपल्या मोहरीचंच भावंड, कमरेइतकं पिवळंधमक. परकरभर पिवळे परागकण घेऊन मी पलीकडे निघाले. कुंपणांवर ब्लॅकथॉर्नचा पांढरा बहर ओसरत आलेला.

तिथून लॅव्हनमला गेलो, लोकरीच्या कापडावर श्रीमंत झालेलं जुनं गाव. घरं ओकच्या तुळयांची, आणि ओक ओलाच वापरल्यामुळे वाळता वाळता पिळवटून सगळी एकमेकांवर रेललेली. एका घरात भिंतीचा एक चौकोन गिलावा काढून उघडा ठेवलेला होता. आत पाहिलं आणि मी भाचीचा दंडच धरला. कूड! हेझलच्या फाट्या उभ्या-आडव्या विणलेल्या, वर माती, शेण आणि पेंढ्याचा लिंपा. माझ्या आजोळी पाटणच्या खोऱ्यात अशाच कुडाच्या भिंती होत्या. मी बोट लावलं नाही, पाटी होती. पण त्या मातीत कुणाच्या तरी चार बोटांचे फराटे अजून होते, लिंपताना उठलेले.

परतताना पुन्हा रानापाशी थांबलो. मघाच्या गृहस्थांकडून मी वेलांच्या मांडवाला काठ्यांची एक मोळी घेतली. भाचीच्या परसात घेवड्याला हव्याच होत्या. मोळी गाडीत मावेना, टोकं मागच्या काचेतून बाहेर ठेवली. एका काठीचा काप पाहिला, तिरका, स्वच्छ, आणि कडी मोजली. सात. साडेसात वाजले होते आणि ऊन अजून रेपसीडवर लोळत होतं.

इप्सविच जवळ आलं तसं भाचीनं आरशात पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, मागं बघ." हिवाळ्यात तोडलेल्या त्या काठ्यांपैकी एकीच्या टोकाला, वाऱ्यात लपलपणारं, नखाएवढं हिरवं पान.